घरटी एक माणूस

वडखळच्या नाक्यावर मुंबईची एसटी यायची होती आणि माझे पाय बुटात मावत नव्हते. बूट पेणच्या बाजारातून घेतलेले, कोरे करकरीत. दुकानदाराने दोनदा माप बदलून दिलं होतं, तरी नाही. बाराव्या वर्षापासून मिठागराचा तळ तुडवलेला पाय तो! बोटं फाकलेली, चवडा पसरलेला, टाच दगडी. शेवटी नाड्या सोडल्या, बूट नुसते पायात अडकवले आणि उभा राहिलो. निरोपाला निम्मा गाव आला होता. आई पदराने डोळे पुसत होती, मधेच माझी कॉलर नीट करत होती. बाबा सगळ्यांत शेवटी आले, थेट बांधावरून, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "बूट घाल. पन पायांना इसरू नको." मग एसटी आली आणि मी चढलो.

आणीबाणी उठली ते साल. मी सत्तावीस वर्षांचा होतो. कुवेतला निघालो होतो, एका कंपनीत हेल्पर म्हणून.

हे मी दोन जातींच्या माणसांसाठी लिहितोय. एक, तुम्ही जे गावात राहिलात. दुसरे, तुम्ही जे माझ्यासारखेच पासपोर्ट काढून गेलात आणि मागे आपल्याबद्दल काय बोललं जातं ते ऐकून घेतलंत. माझ्याबद्दल गाव काय बोलतो ते मला ठाऊक आहे. बांधाला माणूस द्यायच्या वर्षी जनार्दन वाळवंटात कुणा इजिप्तवाल्यासाठी चेंडूचं मैदान तुडवत बसला, असं बोलतो. खोटं नाही ते. तुडवत होतो. का तुडवत होतो, ते आजवर कुणी विचारलं नाही. आता न विचारता सांगतो. माफी मागायला मात्र बसलेलो नाही, हे आधीच ध्यानात घ्या.

बाहेरच्यांना आमचा बांध कळायचा नाही, म्हणून चार शब्द. आमचं गाव पेणच्या खाडीकाठचं. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि मध्ये मातीचा बांध. बांध आहे तोवर भात आहे. उधाणाच्या पाण्याने बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की खाडी शेतात शिरते आणि मग तीन तीन वर्षं त्या जमिनीत दाणा उगवत नाही. म्हणून गावाचा नेम होता. वैशाखात बांधाची डागडुजी निघाली, की घरटी एक माणूस. पावसाळ्यात खांड पडली, तरी घरटी एक माणूस. घरात लग्न असो नाहीतर सुतक असो, माणूस गेला पाहिजे. चांगूमामा बांधावर उभे राहून घरागणिक हजेरी घ्यायचे. हे चांगूमामा आमच्या गावकीचे पंच, आवाज असा की पल्याडच्या गावाला कळावं इथे कोण आला नाही ते. ज्या घरचा माणूस आला नाही त्या घरचं नाव ते दोनदा पुकारत. दुसऱ्यांदा पुकारलं की त्या घरच्या बाईने वर्षभर विहिरीवर मान खाली घालून पाणी भरायचं.

मी कुवेतला जाताना बाबांशी एवढंच ठरलं होतं. दर दोन वर्षांनी माझी रजा, ती वैशाखात घ्यायची, आणि बांधाला आमच्या घरून मी उभं राहायचं. मधल्या वर्षी बाबा राहतील. बाबांची साठी उलटली होती आणि छाती भरून यायची. पण ते म्हणाले, एक वर्ष काढीन, दुसऱ्या वर्षी तू ये.

कुवेतचा कॅम्प म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची रांग. खोलीत आठ जण, दोन शिफ्टमध्ये वाटलेले, त्यामुळे खाट कधी थंड व्हायची नाही. सकाळी खुब्झ, म्हणजे तिकडची रोटी, आणि काळा चहा. रोह्याचे दाऊदभाई पाण्याचा टँकर चालवायचे. आमच्यापेक्षा दहा वर्षं जुने, अरबी फाडफाड बोलायचे, आणि शिव्या मात्र अस्सल रोह्याच्या द्यायचे. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "जना, हितं दोन शब्द शिक. याल्ला म्हंजे चल, खलास म्हंजे संपला. बाकी सगला या दोघांच्या मदी येतंय." त्यांच्या हातची सुकट खाऊन मी पहिले सहा महिने तगलो.

कॅम्पच्या मागे कुंपण घातलेलं रिकामं रान होतं. एका शुक्रवारी दुपारी तिथे मी एक उंच, पोक आलेला माणूस बघितला. एक गुडघा वाकत नव्हता. बूट हातात धरलेले, आणि तो अनवाणी कुंपणाच्या कडेकडेने चालत होता. आधी चवडा टेकवायचा, मग हळूच टाच, मग अंगाचा भार. चार पावलं टाकली की थांबायचा आणि पायाने जमीन दाबून बघायचा. मी जागीच उभा राहिलो. तसा पाय टाकणारी माणसं मी फक्त आमच्या मिठागरात बघितली होती. बाबा असाच पाय टाकायचे.

ते कॅप्टन रऊफ. कंपनीच्या खेळ विभागाचे इन्चार्ज. इजिप्तमध्ये खेळाडूला आणि प्रशिक्षकाला कॅप्टनच म्हणतात, तो मरेपर्यंत कॅप्टन राहतो. मी जवळ गेलो आणि मोडक्या हिंदीत, हातवारे करत म्हटलं की साहेब, ही जमीन बसलेली नाही, पोकळ आहे. त्यांनी माझे पाय बघितले. मग खाली वाकून, खरंच वाकून, त्यांनी माझ्या टाचेला बोट लावून बघितलं. त्या दिवसापासून आमची गाठ पडली. त्यांना ज म्हणता यायचा नाही, त्यांच्याकडे ज चा ग होतो. मी त्यांचा 'गनार्दन' झालो तो कायमचा.

आम्ही कबड्डीवाली माणसं. फुटबॉल कशाशी खातात ते मला माहीत नव्हतं. जे कळलं ते त्यांच्या गोष्टींतून, टँकरच्या सावलीत बसून, निम्मं दाऊदभाईंनी उलगडून सांगितलेलं. कॅप्टन सुएझचे, कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शहराचे. बाप गोदीत हमाल. गल्लीतली पोरं फाटक्या मोज्यात चिंध्या कोंबायची, दोऱ्याने घट्ट आवळायची आणि त्या चेंडूने अनवाणी खेळायची. असा चेंडू टप्पा घेत नाही, म्हणून तो पायाला चिकटून न्यायला लागतो. त्यानेच मला डावा पाय दिला, असं ते म्हणायचे. पुढे गोदीच्या संघाने उचललं, मग कैरोच्या एका मोठ्या क्लबाने. पहिले बूट मिळाले तेव्हा करंगळीपाशी ब्लेडने कापून मग घातले, कारण त्यांचाही पाय मावत नव्हता. हे ऐकल्यावर मी त्यांना वडखळच्या नाक्यावरची हकीकत सांगितली. दाऊदभाई इतके हसले की चहा सांडला.

राजा गेला, लष्करातले अधिकारी आले, त्या धामधुमीच्या वर्षांत कॅप्टन देशाकडून खेळत होते. डावीकडून मुसंडी मारणारे. रेडिओवर त्यांचं नाव यायचं आणि गोदीतले हमाल त्यांच्या बापाला खांद्यावर घ्यायचे. त्यांच्याजवळ एकच फोटो होता, अकरा जण उभे आणि बसलेले. घडी नेमकी त्यांच्या चेहऱ्यावरून गेली होती, त्यामुळे हा मीच, असं त्यांना बोट ठेवून सांगायला लागायचं. मग परदेशात एका चिखलाच्या मैदानावर कुणीतरी मागून आडवा पाय घातला आणि गुडघा गेला. तेव्हा ते तिशीतही आले नव्हते. मैदान वाईट होतं, तो माणूस वाईट नव्हता, असं ते त्यावर म्हणायचे. म्हणून त्यांना मैदानाचा ध्यास. नवीन जागेवर पोरांना उतरवायच्या आधी ते स्वतः अनवाणी चालून बघायचे.

गुडघा गेल्यावर सुएझला परतून पोरं घडवू लागले. दहा वर्षांत संघ उभा केला. मग सदुसष्टची लढाई झाली, कालव्याच्या पल्याड शत्रू येऊन बसला, तोफगोळे पडायला लागले आणि सरकारने आख्खं शहर रिकामं केलं. कॅप्टनची बायको आणि तीन मुली कैरोत मेव्हण्याच्या दोन खोल्यांत. त्यांचा संघ देशभर पांगला. शहर पुन्हा वसायला लागलं तेव्हा ते बघायला गेले, तर त्यांच्या घराच्या जागी नुसता जिना उभा होता. त्या जिन्यावर बसून एक सिगारेट ओढली आणि परत आले, एवढंच ते सांगायचे. मग कुवेत.

माझी रजा चैत्राच्या अखेरीला होती. तिकीट हातात होतं, आईसाठी कंबल बांधून ठेवलं होतं. आणि त्याच आठवड्यात मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, कॅप्टनना म्हणाला की ती मागची जागा पाइप ठेवायला हवी आहे. दोन वर्षांत तुम्ही तिथे एक धड सामना खेळवू शकला नाहीत, भुसभुशीत रेतीत चेंडू रुततो. पाचव्या महिन्याच्या अखेरीला मला खेळता येईल असं मैदान दाखवा, नाहीतर खेळ विभाग बंद. विभाग बंद म्हणजे कॅप्टनचा इकामा, तिथे राहायचा परवाना, रद्द. इकामा रद्द म्हणजे विमानात बसवून रवानगी. कुठे? त्या जिन्यावर?

तिथली माणसं रेतीवर तेल मारून मैदान करायची. कॅप्टनना ते मान्य नव्हतं. त्यावर पोरं घसरतात, गुडघे फुटतात. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, गनार्दन, तू म्हणाला होतास तुझ्या देशात तुम्ही जमीन पायांनी बसवता. किती दिवस लागतात?

मी म्हटलं, एक महिना.  माझं तिकीट त्यांना ठाऊक होतं. राहा म्हणून ते एकदाही म्हणाले नाहीत, हे मी शपथेवर सांगतो. राहिलो तो मी. माझा बाप गावात बांधावर उभा राहील, एक वर्ष आणखी काढेल, हे मी हिशेबात धरलं. साठीच्या माणसाचं एक वर्ष मी माझ्या अक्कलहुशारीने खर्ची घातलं. तिकीट पुढे ढकललं, बाबांना पत्र टाकलं की कंपनीने रजा दिली नाही. हे खोटं होतं. या सगळ्यात मला लाज वाटते ती एवढ्याच वाक्याची. कंपनीने रजा दिली होती.

मग तुडवायला घेतलं. आम्ही पेणकडचे चौघे होतो, दाऊदभाई पाचवे. ते टँकर भरून खारं, मचूळ पाणी आणायचे. गोडं पाणी चालत नाही, त्याने माती बसत नाही. आधी वरची रेती ओढून काढली. खाली पांढरट खारी माती लागली, ती हातात घेतली आणि मला आमचा मिठाचा आगरच दिसला. पाणी शिंपायचं, माती ओली करायची, आणि खांद्याला खांदा लावून ओळीने तुडवत जायचं. चवडा, टाच, भार. मागे फिरायचं, पुन्हा तेच. शिफ्ट संपल्यावर रोज दोन तास, ऊन कलल्यावर. आधी बाकीचे कॅम्पवाले हसायला जमायचे. आठवड्याने त्यातले दहा बारा बूट काढून ओळीत उभे राहिले. कॅप्टन अडणाऱ्या गुडघ्याने ओळीच्या टोकाला. त्यांचं पाऊल माझ्या पावलाबरोबर पडायचं. बाबांच्या ओळीत पडायचं तसंच.

मैदान झालं. मुदीर आला, त्याने बुटाची टाच मारून बघितली, चेंडू टाकून बघितला. चेंडू कमरेएवढा उसळला. पाइप दुसरीकडे गेले.

गणपती होऊन गेल्यावर बाबांचं पत्र आलं. शाळेतल्या गुरुजींच्या अक्षरात, पण शब्द बाबांचे. श्रावणाच्या उधाणाला खांड पडली. आपल्याच अंगाला. घरटी माणूस गेला. आपल्या घरून मी गेलो. शेतात खारं पाणी आहे. तू तब्येत सांभाळ. इतकंच. नंतर चुलतभावाच्या पत्रातून कळलं की बाबा छातीएवढ्या पाण्यात तीन भरत्या उभे होते, आणि तेव्हापासून खोकला राहिला होता. चांगूमामांनी आमच्या घरचं नाव दोनदा पुकारलं होतं. म्हाताऱ्याला माणसात धरत नाहीत, असं ते म्हणाले होते.

मी ते पत्र कॅप्टनना दाखवलं नाही. दाऊदभाईंनी सांगितलं.

थंडीत सामन्याचा दिवस ठरला. शेजारच्या मोठ्या कंपनीचा संघ येणार होता. दोन दिवस आधी तिकडे क्वचित पडतो तसा मुसळधार पाऊस झाला. सकाळी जाऊन बघतो तर मैदानात घोटाभर पाणी! हलत नव्हतं, मुरत नव्हतं. आणि मग माझी चूक मला कळली. आम्ही पाचही जणांनी, कुणी कुणाला न सांगता, मैदान आगरासारखं केलं होतं. अगदी सपाट, पाणसळीत, आणि चारी कडांना पायाने चापून चापून वीतभर बांध काढलेला. मिठागरात पाणी कोंडायचं असतं, दुसरं आम्हाला येतच नव्हतं. चेंडूच्या मैदानातून पाणी जायला लागतं, हे डोक्यातच आलं नाही. आता दोन दिवसांत ते आटलं तर वर मिठाचा पापुद्रा धरेल आणि पोरं घसरतील. न आटलं तर सामना नाही. मुदीर गाडीतूनच बघून गेला.

कॅप्टन म्हणाले, कड फोड. मी कुदळ घेतली आणि हात चालेना. श्रावणात आमचा बांध फुटला तेव्हा मी तिथे नव्हतो, आणि आता इथे स्वतःच्या हाताने बांध फोडायला उभा होतो. माझ्या बापाने आयुष्यात कधी बांधाला कुदळ लावली नव्हती.  कॅप्टन जवळ आले. त्यांनी कुदळ माझ्या हातून घेतली नाही. त्यांनी माझ्या हातांवर हात ठेवले आणि आम्ही दोघांनी मिळून पहिला घाव घातला. पाणी भस्सकन निघालं. मी रडलो, हे लिहायला मला काही वाटत नाही. दुपारपर्यंत मैदान उघडं पडलं, ठरल्या दिवशी सामना झाला, आणि आमचा संघ हरला. तीन शून्य. मुदीर मात्र खूश होता, कारण दोन हजार माणसं जमली होती. कॅप्टनचा इकामा पुढे सहा वर्षं नवा होत राहिला.

पुढच्या वैशाखात मी निघालो तेव्हा विमानतळावर कॅप्टन बॅग घेऊन उभे. माझ्याच विमानाचं तिकीट. कैरोला जायची त्यांची रजा होती, ती त्यांनी इकडे वळवली. मी म्हटलं, मुली वाट बघतील. ते म्हणाले, मुलींना मी सांगितलंय की मी एका घरचा माणूस ठेवून घेतला होता, तो परत द्यायला जातोय.

वडखळला उतरलो. बाबा आले नव्हते, त्यांना चालवत नव्हतं. घरी पोचलो तर ओटीवर बसलेले, बरगड्या दिसत होत्या. माझ्याकडे बघितलं, मग कॅप्टनच्या पायांकडे बघितलं. आईने पाणी आणलं. कॅप्टननी दारातच बूट काढले होते.

तिसऱ्या दिवशी बांधाचं काम निघालं. ओहोटीला गाव बांधावर. खालून चिखलाचे ढेपे कापायचे, हातोहात वर द्यायचे, वर टाकून तुडवायचे. कॅप्टन धोतराचा सोगा खोचावा तशी पँट खोचून तुडवणाऱ्यांत उभे राहिले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. बाबा घोंगडी पांघरून कडेला बसले होते, मी नको म्हणत असताना आलेले. चांगूमामांची हजेरी आमच्या घरापाशी आली आणि त्यांनी मला बघून मान हलवली. एक.

"दोन," बाबा बसल्या जागेवरून म्हणाले.

चांगूमामा थांबले. म्हणाले, "तो पावना हाय. पावना घरात धरत नायत."

बाबांना खोकला आला. तो जाईपर्यंत सगळा बांध थांबला होता. मग ते म्हणाले, "गेल्या साली माझ्या घरचा मानूस कमी पडला. तू दोनदा पुकारलास. ह्यो तेच्या जागी आयलाय. दोन धर."

चांगूमामांनी दोन धरले. कॅप्टनना शब्द कळले नव्हते, पण आपल्याबद्दल काहीतरी ठरलं एवढं कळलं. त्यांनी बाबांकडे बघून छातीला हात लावला आणि पुन्हा पाय टाकायला लागले. चवडा, टाच, भार. दुसऱ्या दिवशी भाताच्या कोरड्या शेतात त्यांनी बॅगेतला चेंडू काढला आणि तरण्या पोरांना डाव्या पायाची एक लाथ दाखवली. चेंडू बांधावरून खाडीत गेला आणि ओहोटीने दिसेनासा झाला. आता तो सुएझला पोचेल, असं ते म्हणाले. बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

बाबा त्याच पावसाळ्यात गेले. यावर तुम्ही म्हणता की जनार्दनने बापाचं आयुष्य कमी केलं. केलं असेल. ते माझ्याजवळ आहे, मी ते रोज घेऊन उठतो, त्याची आठवण करून द्यायला कुणी यायची गरज नाही. पण दुसरंही ऐका. त्या महिन्यात मी आलो असतो तरी श्रावणातल्या खांडीला मी कुवेतलाच असतो. रजा वैशाखाची होती. आणि कॅप्टन त्या जिन्यावर गेले असते. मी एक माणूस कुठेही एकाच जागी उभा राहू शकतो. ज्या जागी उभा राहिलो तिथे नीट तुडवलं, एवढंच मला सांगायचंय. पुन्हा ती वेळ आली तर? बाबांना खरं लिहीन, रजा मिळाली पण मी घेत नाही. राहीन मात्र.

कॅप्टन पुढे सुएझला परतले. त्याच जिन्याला धरून नवं घर बांधलं. त्यांच्या मुलीचं पत्र आलं तेव्हा ते गेले होते. त्यानंतर चार वर्षांनी कुवेतवर रणगाडे आले आणि मी एका पिशवीनिशी निघालो. जाता जाता मैदान बघितलं. त्यावरून रणगाड्यांचे पट्टे गेले होते आणि माती कुठे उखडली नव्हती. दाऊदभाईंना मी ते दाखवलं. एवढ्या धावपळीत ते म्हणाले, "बसलेली जमीन हाय ती, तिला काय होतंय."

आता मी रोह्याशेजारी वरसेला राहतो. मुलगा रोह्याला कंपनीत लागला, फ्लॅट झाला, लिफ्ट आहे. दाऊदभाईंचा नातू खालच्या मजल्यावर. गावातली आमची शेतं खाऱ्यात गेली ती गेलीच, आगर बुजले. तुम्ही म्हणता तुझं घर आता वरसेला. फ्लॅट वरसेला आहे. घर म्हणजे जिथे खांड पडली तर मला जावं लागतं ती जागा. माझ्या खाती अशा दोन आहेत, एक पेणच्या खाडीवर आणि एक सुएझच्या. दुसरीकडे जाता येत नाही म्हणून ती कमी होत नाही.

गेल्या पावसाळ्यात उधाणाला बांध पुन्हा गेला. सरकारी पोकलेन यायला आठवडा लागणार होता, म्हणून गावाने जुना नेम काढला. हजेरी आता चांगूमामांचा मुलगा वसंत घेतो. त्याने फोन केला. म्हणाला, काका, तुमचं नाव यादीतून काढलंय, तुम्ही वरसेचे, आणि वय पण झालं. नाय आलात तरी चालेल. मी बरं म्हटलं, फोन ठेवला, नागोठण्याची बस धरली, तिथून वडखळ, तिथून रिक्षा.

बांधावर पोचलो तर पाणी आत घुसलेलं आणि सगळे कमरेएवढ्या चिखलात. वसंत माझ्याकडे बघून वैतागला, वही उघडली, माझं नाव पुन्हा लिहिलं. समोर एकचा आकडा घातला.

"दोन लिव," मी म्हटलं.

त्याने माझ्या मागे बघितलं. मागे फक्त खाडी होती. "काका, दुसरा कोन?"

"तुझ्या बापाने धरलेला हाय तो. इचार गावाला. तो येत नाय तवर त्याचं मी तुडवतो."

वसंतने पेन वहीवर टेकवलं. त्याने काय लिहिलं ते बघायला मी थांबलो नाही. चपला काढून बांधावर ठेवल्या आणि ओळीत शिरलो. एकदा माझ्या नावाने टोकापर्यंत गेलो, आणि मग मागे फिरून पुन्हा सुरुवात केली.